फुकट ते पौष्टिक

आरव्हीचं, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीचं, भाडं किती, हे आईला सांगायचं नाही असं माझं आणि नवऱ्याचं ठरलं होतं. लेकाने ते पहिल्या तासात फोडलं. अमेरिकेत, ओरेगनमधल्या हिल्सबरोहून निघून डोंगर लागायच्या आत त्याने दिवसाचं भाडं, वर मैलामागचे सेंट, वर जनरेटरचे तासाचे पैसे, सगळ्याला 86 ने गुणून आजीला आकडा सांगितला. आई दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "एवढ्यात गुहागरला पडवी बांधून झाली असती."

आणि मग तिने फर्मान काढलं. गाडीला पैसे घातलेत ना, मग आता तिकीट म्हणून काढायचं नाही. जे फुकट आहे तेच बघायचं. फुकट ते पौष्टिक.

जुलैचा शेवटचा पंधरवडा, 2025. ओरेगनचा किनारा वरून खाली, 101 नंबरच्या रस्त्याने, कॅनन बीच ते बँडन. आम्ही चौघं आणि 25 फुटांची गाडी, जिला आई शेवटपर्यंत 'एसटी' म्हणत राहिली. तिचं फारसं चुकत नव्हतं. वळणावर कपाटातली ताटं तशीच वाजायची.

मी इथे चौदा वर्षं राहते. या किनाऱ्यावर पंधरावीस वेळा तरी आले असेन, पण दर वेळी पाहुण्यांना घेऊन, आणि पाहुण्यांना न्यायचं म्हणजे मत्स्यालय, बोटीतून देवमासे, असं पावतीवालं काहीतरी दाखवायचं. आईच्या फर्मानामुळे पहिल्यांदाच तिकिटाच्या खिडकीपासून लांबून गेले, आणि लक्षात आलं की तिकीट असलेल्या गोष्टी इथे मोजक्याच आहेत.

कॅनन बीचला 235 फूट उंचीचा हेस्टॅक रॉक भर वाळूत उभा आहे. त्याच्या माथ्यावर पफिन नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. एप्रिलमध्ये येतात आणि जुलै संपता संपता निघून जातात. आम्हाला शेवटचे थोडे दिसले, उडणाऱ्या बटाट्यांसारखे. आईने मात्र पक्ष्यांपेक्षा दगडच जास्त वेळ बघितला. "हा आपलाच कातळ की गो." खरंच तो बेसाल्ट आहे. दीड-एक कोटी वर्षांपूर्वी इथून शेकडो मैल पूर्वेला लाव्हा फुटला आणि वाहत समुद्रापर्यंत आला. आपला सह्याद्रीचा थर त्याहून पुष्कळ जुना, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, पण जातकुळी तीच. गुहागरहून निघून सोळा-सतरा तास विमानात बसायचं आणि उतरून काय बघायचं, तर काळा कातळ! आई खूश होती.

इथेच तिने विचारलं, "एवढा मोठा किनारा, एवढी हॉटेलं, आणि कुणी कुंपण कसं नाही घातलं?"

घातलं होतं. 1966 साली, याच कॅनन बीचवर. एका मोटेलवाल्याने आपल्या समोरची कोरडी वाळू ओंडके टाकून अडवली आणि फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवली. कायद्याने तो चुकतही नव्हता. 1913 साली ऑस्वल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नराने एक युक्ती केली होती. तेव्हा किनाऱ्याला धड रस्ता नव्हता, माणसं आणि घोडागाड्या ओहोटीला वाळूवरूनच जायच्या. त्याने अख्खा किनारा 'सार्वजनिक हायवे' म्हणून जाहीर करून टाकला. रस्ता विकता येत नाही, म्हणजे किनाराही विकता येत नाही. पण हा हायवे भरतीच्या रेषेपर्यंतच. त्याच्या वरची कोरडी वाळू, जिथे माणूस चटई टाकून बसतो, ती राहून गेली होती. मोटेलवाल्याने नेमकी तीच धरली. लोक खवळले. मे 1967 मध्ये टॉम मॅकॉल हा तेव्हाचा गव्हर्नर मोजणीदार घेऊन हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरला आणि रेषा कुठे यायला पाहिजे ते लोकांना दाखवलं. जुलैमध्ये कायदा झाला. वाळू कागदोपत्री कुणाचीही असो, झाडंझुडपं सुरू होतात तिथपर्यंत लोकांना फिरायचा हक्क आहे. राज्याचा सगळा 363 मैलांचा किनारा.

आईला ही गोष्ट फार आवडली. तिच्या माहेरच्या पाणंदीचा वाद तिच्या लहानपणापासून चालू आहे. "हेलिकॉप्टरने तलाठी आला म्हणजे," एवढंच म्हणाली.

एक सांगून ठेवते, कारण पुढे कुणी हे वाचून निघेल. किनारा फुकट आहे, मुक्काम फुकट नाही. समुद्रासमोर गाडी लावून रात्र काढायची आणि सकाळी दार उघडलं की लाटा, हे चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. गावोगावी पाट्या आहेत. रात्री स्टेट पार्कमध्ये पैसे भरून वीज-पाण्याची जागा घ्यावी लागते, आणि तिचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, तेव्हाच ती धरावी लागते. काही पार्कांत दिवसा गाडी लावायलाही पैसे पडतात. आम्ही ते टाळून पुढे जायचो.

टिलामूकला चीजचा कारखाना वरच्या गॅलरीतून काचेमागे बघता येतो. फुकट. आरव्हीला लांबलचक पार्किंग, तेही फुकट. खाली पट्ट्यावरून चीजच्या विटा सरकत असतात, त्या कापल्या जातात, वजन होतं, कमी भरलं तर तुकडा जोडला जातो. लेक आणि आजी अर्धा तास काचेला नाक लावून. 1909 पासूनची ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे असं सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे गोकुळ." म्हणजे गोकुळ. बाहेर पडताना आइस्क्रीमची रांग लागते आणि तिथे फुकटचं सगळं व्याजासकट वसूल होतं. ती आम्ही आईला बाकावर बसवून उरकली. पावती नवऱ्याने खिशात घातली.

लिंकन सिटीबद्दल मी लेकाला फार फुगवून सांगितलं होतं. पूर्वी जपानी कोळ्यांच्या जाळ्यांचे काचेचे पोकळ गोळे तुटून, पॅसिफिक ओलांडून या किनाऱ्याला लागायचे. आता प्लास्टिक आलं, ते गोळे येईनासे झाले. म्हणून गावानेच इथल्या काच फुंकणाऱ्या कारागिरांकडून रंगीत गोळे करून घेऊन वर्षभर किनाऱ्यावर लपवायला सुरुवात केली. सापडला तर तुमचा. लेक पहाटे साडेपाचला उठला. साडेपाचला! शाळेला उठवताना ढोल वाजवावा लागतो. दोन तास लाटांच्या कडेने खाली मान घालून चालला. काही नाही. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी शेवटी सांगितलं की गोळे पाण्याच्या रेषेत कधीच ठेवत नाहीत, भरतीच्या वर आणि कड्याच्या खाली, ओंडक्यांच्या आडोशाला ठेवतात. मग ओंडके उलथे केले. तरी नाही. आजीने तेवढ्यात ओढणीच्या टोकात पाचसहा गारगोट्या बांधून आणल्या होत्या, उन्हात धरल्या की मधासारख्या दिसणाऱ्या. इथे त्यांना अगेट म्हणतात. लेकाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी मात्र त्यातली सगळ्यात चांगली त्याच्या खिशात निघाली.

डेपो बे हे बंदर सहा एकरांचं. आपल्याकडे याला बंदर नाही, खाडीचा कोपरा म्हणतील. पण रस्ता आणि समुद्र यांच्यात फक्त एक कठडा, आणि त्या कठड्यावर देवमासे बघायचं सरकारी केंद्र, विनामूल्य. करडे देवमासे हिवाळ्यात मेक्सिकोकडे जातात आणि वसंतात अलास्काकडे परततात, पण त्यातले काही वर जातच नाहीत, उन्हाळाभर इथेच थांबतात. का, तर किनाऱ्यालगतच्या शेवाळात मिसिड नावाची बारीक कोळंबी असते, तिच्यासाठी. मी हे वाचून दाखवलं तर आईचा चेहरा उजळला.

"जवळा! जवळा खायला थांबतात!"

नख भरायची ती कोळंबी आणि चाळीस फुटांचा प्राणी. आईच्या नजरेत त्या क्षणापासून देवमासा घरचा झाला. आम्ही तिघं दुर्बिणी लावून क्षितिजाकडे बघत होतो, ती नुसत्या डोळ्यांनी कठड्याच्या खाली, खडकांच्या जवळ बघत होती. "तो बघ फुंकला." खरंच, दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर. फवारा, मग करडी पाठ, पाठीवर पांढरे चट्टे, मग बराच वेळ काही नाही. शेजारी कातळातल्या भेगेतून लाटेबरोबर पाण्याचा झोत वर येत होता आणि लोक ओरडत होते. त्याचं आईला काही नाही. हेदवीच्या बामणघळीवर वाढलेली बाई ती.

तो बुधवार होता, 23 जुलै, आणि हा वार महत्त्वाचा. आईने येताना कालनिर्णय आणलं होतं. आरव्हीच्या फ्रिजवर चुंबकाने लटकवलं होतं. दिव्यांची अवस गुरुवारी, शुक्रवारपासून श्रावण. गुरुवारी आई मासे खात नाही. म्हणजे महिनाभराच्या उपासाआधी शेवटचा मासा बुधवारीच. नवऱ्याने तिला चिडवायचं म्हणून घड्याळ दाखवलं, "आई, तिकडे गुहागरला गुरुवार उजाडला." आई म्हणाली, "मी जिथे जेवते तिथला वार. तुम्ही गाडी हाका."

न्यूपोर्टचं बंदर आधी ऐकू येतं आणि वासाने कळतं, दिसतं मागाहून. धक्क्याखालच्या फळ्यांवर समुद्रसिंह एकमेकांवर पडलेले असतात, बहुतेक सगळे नर, आणि भुंकत असतात. अर्धं गाव तिथे उभं राहून फुकट करमणूक करून घेत असतं. एक जाडा, जागा नसताना, चौघांच्या अंगावर चढून मध्येच झोपला. पुढच्या धक्क्याला बोटी लागल्या होत्या आणि पुठ्ठ्यावर हाताने लिहिलं होतं, टूना. म्हणजे आपला कुपा. आईच्या लेखी कुपा हा सुरमई न मिळाल्यावरचा मासा, पण डोळे बघून, कल्ला उघडून, पोट दाबून तिने एक निवडला. बोटीवरचा तरुण मुलगा तिच्याकडे जरा आदराने बघायला लागला. भाव करायचा प्रयत्न फसला. मग त्याने सपासप चार लांब तुकडे काढले आणि डोकं-काटा बादलीत टाकायला उचलला.

"अगो, त्याला सांग, ते नको टाकू!"

मी विचारलं. तो म्हणाला, फुकट घेऊन जा. आईला त्या दिवशी समुद्रसिंह, देवमासा, सगळं एका बाजूला आणि ते डोकं एका बाजूला.

त्या रात्री 25 फुटांच्या बंद डब्यात कुप्याच्या डोक्याचं आमसूल घातलेलं कालवण झालं आणि तव्यावर तुकड्या तळल्या. पहिल्या तुकडीला धुराचा भोंगा वाजला. लेक टॉवेलने हवा घालतोय, नवरा छतावरचं झाकण उघडतोय, शेजारच्या गाडीतले आजोबा बाहेर येऊन सगळं ठीक ना म्हणून विचारताहेत. आईने त्यांना वाटीत कालवण दिलं. ते रडले, तिखटाने, पण वाटी धुऊन परत केली.

खरा घोळ त्यानंतर. आरव्हीत भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी खाली एका टाकीत साठतं, संडासाचं वेगळ्या. किती भरली ते सांगणारे दिवे भिंतीवर असतात आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवू नये. आमचा दिवा 'एक तृतीयांश' म्हणत होता. आईने मासळीची भांडी घरच्या सवयीने, नळ सोडून, खळखळून धुतली. टाकी भरली. पाण्याला जायला सगळ्यात खालची वाट म्हणजे न्हाणीची मोरी. तिथून ते वर आलं, खवल्यांसकट. रात्री दहा वाजता नवरा रबरी मोजे घालून, कपाळाला बॅटरी बांधून नळ्या जोडत होता. जागा वीज-पाणी-गटारवाली होती म्हणून वाचलो. मी मोरी पुसत होते आणि आई दारात उभी राहून म्हणत होती, "एसटीत कुणी भांडी घासतं का पण?"

आता ओहोटी. गुरुवारी सकाळी न्यूपोर्टच्या दक्षिणेला सील रॉकला जायचं होतं. किनाऱ्यावरच्या कातळातल्या खळग्यांमधले जीव बघायचे तर ऐन ओहोटीच गाठावी लागते. मी फोनवर तक्ता शोधत होते. आई कालनिर्णयाकडे बघून म्हणाली, "अवसेला भरती बाराला, ओहोटी सहाला. त्यात काय शोधायचंय?" तिच्या वडिलांचं गणित: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, भरतीचा तास मिळतो. तक्त्यात सातच्या जरा आधीची वेळ होती. पाऊण-एक तासाचा फरक, तोही दुसऱ्या महासागरावर. पण एक गोष्ट तिलाही नवी होती. इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. उन्हाळ्यात सकाळची खोल जाते, संध्याकाळची नावाला. "म्हणजे संध्याकाळची ओहोटी कामचुकार," आईचा निष्कर्ष.

साडेसहाला आम्ही कातळावर होतो. धुकं, बोटं बधिर. हे पाणी उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. आणि खळग्यात? जांभळे आणि नारिंगी तारामासे, ताटाएवढे, कातळाला असे चिकटलेले की कुणीतरी खिळे ठोकलेत. हिरवी समुद्रफुलं, मधोमध तोंड. एकाच्या तोंडात अर्धा खेकडा होता आणि ते मिटत होतं, इतकं हळू की मिटतंय हे कळायला आम्हाला पाच मिनिटं तिथेच उकिडवं बसावं लागलं. लेक हलला नाही. फोन काढला नाही. खेकड्याचा एक पाय बाहेर राहिला होता, तो शेवटपर्यंत बाहेरच राहिला. आईचा हात सवयीने कालवांच्या रांगेकडे गेला, तेव्हा नवरा अदबीने म्हणाला, "आई, इथे काढायचं तर परवाना लागतो." "मी नुसती मोजत होते हो." पण समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हे तिने आम्हालाच दोनदा बजावलं. वाळूत लावलेल्या पाटीवर इंग्रजीत तेच लिहिलं होतं.

परतीच्या वाटेवर याक्विना खाडीचं लाकडी दीपगृह. 1871 साली बांधलं, 1874 साली बंद केलं. तीन वर्षं. थोड्याच अंतरावर दुसरं, जास्त उंच झालं होतं. बघायला तिकीट नाही, दारात पेटी. आईने तिच्यात पाच डॉलर टाकले तेव्हा मी काही बोलले नाही.

फ्लॉरेन्समध्ये एक बाग आहे, तिचं नाव फुटलेल्या देवमाशावरून ठेवलंय. नोव्हेंबर 1970 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या किनाऱ्याला 45 फुटांचा मेलेला देवमासा लागला. काढायचा कुणी? किनारा हायवे, म्हणून काम हायवे खात्याकडे. खात्याने विचार केला की मोठा धोंडा आणि मोठा मासा यात फरक काय, आणि अर्धा टन डायनामाइट लावलं. बारीक तुकडे होतील, पक्षी खातील. तुकडे बारीक झाले नाहीत. चरबीचे ढेकळे बघ्यांच्या अंगावर पडले, आणि पाव मैलावर उभ्या असलेल्या एका नव्या गाडीचं छत चेपलं. देवमाशाचा बराचसा भाग जागेवरच राहिला. गावाने पन्नास वर्षं लाज बाळगली आणि 2020 साली नदीकाठच्या बागेला त्याचंच नाव दिलं. पाटीसमोर उभं राहून मी आईला हे सांगत होते आणि आई पदराने डोळे पुसत होती. "आपलं बांधकाम खातं बरं म्हणायचं," ती म्हणाली, मग थोडं थांबून, "नाही, बरं नाही."

बँडनला शनिवारी पोचलो. फेस रॉकच्या कड्यावरून खाली बघितलं तर ओल्या वाळूवर प्रचंड रांगोळी. काही लोक ओहोटीच्या वेळी पंजेफावडी घेऊन एक चक्रव्यूह आखतात. एकच वाट, वळणावळणाने मध्यावर जाते आणि तशीच बाहेर येते. कुणीही चालावं. ऐच्छिक पेटी. भरती आली की पुसून जातं. रेघांच्या मध्ये वेली, मासे, ठिपके.

आईने चपला काढल्या. मी सांगितलं, अगं पाणी गार आहे. "रांगोळीत चपला घालून जातात का?" आणि ती एकटीच आत गेली, गुडघ्यांच्या बेताने, हळूहळू. मध्यावर पोचली तेव्हा भरती लागली होती. खालच्या कडेची दोन वळणं लाटेने नेली. बाकीचे लोक सरळ रेघा तुडवून बाहेर आले. आम्ही काठावरून हाका मारतोय, सरळ ये, सरळ ये. तिने हात हलवून नाही म्हटलं. आलेल्या वाटेने, एकेक वळण घेत, जिथे वाट पुसली होती तिथे अंदाजाने, पण एकही रेघ न ओलांडता बाहेर आली. पंजा खांद्यावर टाकून उभे असलेले एक काका तोवर काही न बोलता थांबून होते. साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली. पेटीत तिने वीसची नोट टाकली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

सोमवारी सकाळी गाडी परत करायला गेलो. भाड्याने देणाऱ्यांच्या माणसाने दार उघडलं, पायरीवर थांबला, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सफाईचे ज्यादा 150 डॉलर. कारण: वास.

लेकाने फोन काढून 86 ने गुणायला घेतलं. "राहू दे," आई म्हणाली. "डोकं फुकट होतं."